माणसांशी कमी संबंध येणारे काम शोधताना: ओ-नेट ऑनलाइन या संकेतस्थळाचे परीक्षण

तक्रार निवारण कक्षात फोनवर बसण्याचे काम मी सात वर्षे केले. रोज साठ-सत्तर अनोळखी माणसांचे आवाज कानावर पडत. त्यांपैकी बहुतेकांचा संताप रास्त असे, आणि त्या संतापाला दर वेळी त्याच शांत सुरात उत्तर देणे हाच माझ्या नोकरीचा गाभा होता. संध्याकाळी घरी परतल्यावर जवळच्या माणसांशीही चार शब्द बोलण्याची इच्छा उरत नसे. ते काम सोडायचे ठरवले तेव्हा माझी अट एकच होती: पुढच्या कामात माणसांशी शक्य तितका कमी संबंध यावा. ही अट अगदी स्पष्ट आहे अशी माझी समजूत होती. ती किती अपुरी होती हे मला ज्या साधनामुळे उमगले, त्या ओ-नेट ऑनलाइन या संकेतस्थळाचे हे परीक्षण आहे. गेल्या दोन वर्षांत मी ते सातत्याने वापरले आहे आणि याच शोधात असलेल्या काही जणांना शेजारी बसून वापरून दाखवलेही आहे.

त्याआधी मी दोन मार्ग चोखाळून पाहिले होते. पहिला मार्ग म्हणजे ‘माणसांशी संबंध न येणारी कामे’ अशा मथळ्याखाली सगळीकडे आढळणाऱ्या याद्या. प्रोग्रामर, अनुवादक, ट्रकचालक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, ग्रंथपाल आणि लेखापाल ही नावे त्यांत इतक्या नेमाने येतात की एक यादी दुसरीवरून उतरवून घेतली असावी असे वाटू लागते. ग्रंथपालाचे नाव तर अशा यादीत असण्याचे काहीच कारण नाही. देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाचा दिवस वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात जातो. ग्रंथालयातली शांतता वाचकाच्या वाट्याला येते, ग्रंथपालाच्या नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे पैसे भरून घेतलेली एक समुपदेशन सेवा, जिचे नाव मी येथे देत नाही. लांबलचक चाचणीच्या शेवटी मी अंतर्मुख असल्याचा निष्कर्ष हाती आला आणि त्याला जोडून तीच यादी. तासाभराच्या भेटीत समुपदेशकांनी मला एकदाही विचारले नाही की माणसांच्या सहवासातले नेमके काय मला थकवते. तो एक प्रश्न विचारला गेला असता, तर भरलेली फी मला जड वाटली नसती.

ओ-नेट हा अमेरिकेच्या श्रम विभागाच्या आश्रयाने चालणारा व्यवसायविषयक माहितीचा साठा आहे आणि ओ-नेट ऑनलाइन हे तो साठा सर्वांसाठी खुले करणारे संकेतस्थळ आहे. वापरण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही आणि शुल्कही द्यावे लागत नाही. नऊशेहून अधिक व्यवसायांची तपशीलवार माहिती तेथे आहे. प्रत्येक व्यवसायाच्या पानावर त्यातली प्रत्यक्ष कामे, लागणारे ज्ञान व कौशल्ये, शिक्षणाची अपेक्षित पातळी आणि कामाची परिस्थिती अशी विभागणी केलेली असते. या साठ्याचे खरे मोल त्याच्या माहितीच्या उगमात आहे. ती मुख्यतः ते काम रोज करणाऱ्या माणसांना प्रश्नावल्या देऊन गोळा केली जाते आणि काही व्यवसायांच्या बाबतीत त्या क्षेत्रातील जाणकारांकडून मिळवली जाते. याद्या लिहिणारे लोक प्रयोगशाळेतली शांतता कल्पनेने रंगवतात. येथे प्रयोगशाळेत उभे राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या दिवसाविषयी दिलेले उत्तर वाचायला मिळते.

आपल्या विषयाशी संबंधित असलेला भाग ‘कामाची परिस्थिती’ या विभागात आहे. तेथे इतरांशी संपर्काविषयीचा एक सरळ प्रश्न आहे: हे काम पार पाडण्यासाठी समोरासमोर, फोनवर किंवा अन्य मार्गाने इतरांच्या संपर्कात किती राहावे लागते? उत्तरांच्या पाच पायऱ्या आहेत. सर्वांत खालची पायरी ‘अजिबात संपर्क नाही’ अशी, मधली ‘सुमारे निम्मा वेळ’ अशी आणि सर्वांत वरची ‘सतत संपर्क’ अशी. या उत्तरांवरून शून्य ते शंभर या मापावर प्रत्येक व्यवसायाला एक आकडा मिळतो आणि त्या आकड्याच्या क्रमाने सगळे व्यवसाय पाहता येतात. पहिल्या दिवशी मी नेमके तेवढेच केले. यादीचे खालचे टोक उघडले, तिथली नावे वहीत उतरवली आणि शोध संपला असे समजून निश्चिंत झाले. हे साधन नव्याने हाताळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी हेच करताना पाहिले आहे, म्हणून आधीच सांगते की त्या एका आकड्यावर विसंबू नये. त्याच्या आसपास असलेले दुसरे प्रश्न अधिक कामाचे आहेत.

समोरासमोरची चर्चा किती वेळा करावी लागते, फोन किती वेळा, ईमेल किती वेळा, हे तेथे स्वतंत्रपणे विचारलेले आहे. गटात काम करणे किती महत्त्वाचे आहे, बाहेरच्या ग्राहकांशी किंवा सर्वसामान्य जनतेशी व्यवहार किती, चारचौघांसमोर भाषण करावे लागते का, शारीरिकदृष्ट्या दुसऱ्या माणसांच्या किती जवळ राहून काम करावे लागते, संघर्षाचे प्रसंग किती वारंवार येतात, रागावलेल्या किंवा उद्धट माणसांना किती तोंड द्यावे लागते, असे कितीतरी प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवलेले आहेत. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. जिला मी आजवर ‘माणसे’ या एका शब्दात बांधत आले होते ती माझी थकवणूक येथे सुटी करून मांडलेली होती. सहकाऱ्यांसोबत शेजारी बसून काम करण्याचा मला कधीच त्रास झाला नव्हता. ईमेलचा तर मुळीच नव्हता. मला नको होते ते रागावलेले अनोळखी माणूस, तेही आवाजाच्या रूपात आणि मी तयार नसताना अचानक आलेले.

या वेगवेगळ्या खणांना एक जुना इतिहास आहे. ओ-नेट येण्यापूर्वी अमेरिकेचा श्रम विभाग व्यवसाय-नामांचा एक कोश प्रसिद्ध करत असे. त्याच्या १९७७ सालच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक व्यवसायाला नऊ अंकी क्रमांक होता आणि त्यातले मधले तीन अंक त्या कामाचा माहितीशी, माणसांशी आणि वस्तूंशी असलेला संबंध दाखवत. माणसांशी असलेल्या संबंधाची जी शिडी तेथे आखली होती तिच्या एका टोकाला मार्गदर्शन करणे, मग वाटाघाटी, शिकवणे, देखरेख, मनोरंजन, मन वळवणे, बोलणे किंवा खुणा करणे, सेवा देणे असे टप्पे होते आणि अगदी शेवटच्या टोकाला ‘सूचना घेणे व मदत करणे’ असा टप्पा होता. हजारो व्यवसायांची वर्गवारी करणाऱ्या त्या शिडीवर ‘माणसांशी संबंध नाही’ अशी पायरीच ठेवलेली नव्हती. कितीही एकट्याने करायचे काम असले तरी ते कोणीतरी सांगितलेले असते आणि कोणाला तरी द्यायचे असते, ही जाणीव त्या रचनेत आहे. पाच पायऱ्यांच्या नव्या मापात ‘अजिबात संपर्क नाही’ हे उत्तर उपलब्ध असले, तरी मला त्या जुन्या शिडीतले शहाणपण जास्त पटते.

आपल्याला कोणता संपर्क जाचतो हे ठरवण्याची सोय मात्र संकेतस्थळावर नाही, ती आपली आपण करावी लागते. मी नोकरी सोडण्यापूर्वीचे शेवटचे तीन आठवडे एक वही ठेवली होती. उभ्या रकान्यांत वेळ, कोण, कोणत्या मार्गाने आणि नंतर किती थकवा, एवढेच लिहायचे. एका मंगळवारच्या पानावर एकसष्ट नोंदी आहेत. त्यांपैकी चोपन्न फोनच्या. थकव्याच्या रकान्यात मी एक ते पाच आकडे लिहीत असे आणि त्या दिवशी पाचाचा आकडा सहाच वेळा आलेला आहे. त्या सहांपैकी पाच फोन असे होते की ज्यांत चूक कोणाची आहे हे मला ठाऊक होते, पण ते बोलण्याची मुभा नव्हती. उरलेली नोंद एका मीटिंगची, जिची सूचना दहा मिनिटे आधी मिळाली होती. दोन सहकारी माझ्या टेबलाशी येऊन बराच वेळ बोलत बसले होते, त्यापुढे मात्र एक असा आकडा आहे.

आतल्या भावना बाजूला ठेवून चेहऱ्यावर आणि आवाजात ठरावीक भावना आणण्याच्या श्रमाला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. त्यांनी विमानातील सेविकांच्या हसतमुखपणाचा आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांच्या कठोरपणाचा अभ्यास केला होता; दोन्हीकडे भावना हाच मालकाने विकत घेतलेला माल होता. माझ्या वहीतले पाचाचे आकडे याच श्रमाचे होते. माणसे नकोत असे म्हणणाऱ्या अनेकांना खरे तर हे श्रम नको असतात असा माझा अनुभव आहे, आणि त्यांनी ओ-नेटवर संपर्काच्या आकड्याआधी संघर्षाचा आणि रागावलेल्या माणसांचा आकडा पाहावा असे मी आग्रहाने सुचवते.

आता याद्यांतल्या काही कामांकडे या चाळणीतून पाहू. प्रोग्रामरचे काम एकट्याने संगणकासमोर बसण्याचे, असा समज अजून टिकून आहे. पण २००१ मध्ये सतरा जणांनी मिळून सॉफ्टवेअर निर्मितीचा जो अजाइल जाहीरनामा मांडला आणि ज्याच्या पद्धती पुढे बहुतेक कंपन्यांनी उचलल्या, त्याच्या तत्त्वांत व्यवसायाची बाजू पाहणाऱ्यांनी व प्रोग्रामरनी रोज एकत्र काम करावे असे लिहिलेले आहे आणि माहिती पोहोचवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग समोरासमोरचे संभाषण असल्याचेही म्हटले आहे. रोजची उभ्याउभ्याची बैठक, एकमेकांचा कोड तपासणे, दर दोन आठवड्यांनी केलेले काम दाखवणे हा आता त्या व्यवसायाचा नित्यक्रम आहे. ज्याला अनोळखी ग्राहक नकोत त्याला हे काम मानवेल. ज्याला गट नको त्याला नाही. याद्यांत मात्र दोघांनाही एकच सल्ला मिळतो.

प्रयोगशाळेच्या बाबतीत ओ-नेटची वर्गवारी मला सर्वांत उपयोगी वाटली. बोलीभाषेत आपण ‘लॅबमधला तंत्रज्ञ’ म्हणतो, पण त्या एका नावाखाली किती निरनिराळी माणसे असतात हे तेथे दिसते. शिरेतून रक्त काढणाऱ्यांचा व्यवसाय वेगळा नोंदलेला आहे, रक्त-लघवीच्या चाचण्या करणाऱ्यांचा वेगळा आणि ऊतींचे काप करणाऱ्यांचा वेगळा. पहिल्या कामात दिवसभर घाबरलेल्या, हात आखडून घेणाऱ्या माणसांना धीर देत काम करावे लागते. दुसऱ्यात यंत्रे आणि नमुने असतात, परंतु एखाद्या तपासणीत जिवाला धोका दर्शवणारा आकडा आला की ताबडतोब डॉक्टरांना फोन करून तो सांगावा लागतो आणि त्यांच्याकडून तो परत वदवून घ्यावा लागतो. ते संभाषण मोजके असले तरी टाळता येत नाही.

तिसरे काम मी जवळून पाहिलेले आहे, कारण माझी एक मैत्रीण ते करते. मेणात बसवलेला ऊतीचा ठोकळा ती मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर चढवते आणि हाताने चाक फिरवत तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढते. एकेक काप पुढच्याला चिकटून पात्यावरून अर्धपारदर्शक फीत उतरत जाते. ती फीत ब्रशच्या टोकाने उचलून कोमट पाण्यावर अलगद सोडली की तिच्या सुरकुत्या आपोआप निघतात, मग पाण्याखालून काच सरकवून नेमका हवा तो काप तिच्यावर घ्यायचा. या सगळ्यात श्वाससुद्धा जपून सोडावा लागतो. तिच्याशी त्या वेळी कोणी बोलत नाही आणि तिनेही कोणाशी बोलू नये अशीच सर्वांची अपेक्षा असते. सलग तीन-चार तास असे जातात, नंतर सहकाऱ्यांत मिसळायला तिला आवडते. एकांत हवा असणाऱ्या पुष्कळ जणांना खरोखर हवे असते ते हेच: कामाच्या स्वरूपामुळेच इतरांनी मान्य केलेली शांतता. अशी शांतता मागून घ्यावी लागत नाही आणि तिच्याबद्दल कोणी शिष्टपणाचा ठपकाही ठेवत नाही.

ट्रकचालकाचेही तसेच आहे. लांब पल्ल्याच्या अवजड वाहनांचे चालक, गावातल्या गावात माल पोहोचवणारे हलक्या वाहनांचे चालक आणि माल विकतही जाणारे चालक असे तीन वेगळे व्यवसाय ओ-नेटवर आहेत. एकांत असलाच तर पहिल्यात आहे. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

एकटेपणाच्या कामांविषयी एक गोष्ट कोणत्याच यादीत नसते. ज्या ठिकाणी एकट्या माणसाच्या जिवाला धोका आहे तेथे सुरक्षेचे नियम त्याला एकटे राहूच देत नाहीत. अमेरिकेच्या नियमांनुसार टाकी, भुयारी कक्ष यांसारख्या धोकादायक बंदिस्त जागेत कोणी उतरले असेल तर बाहेर एक माणूस लक्ष ठेवून उभा असावाच लागतो. एकांताचे प्रतीक मानल्या गेलेल्या दीपगृहांचा इतिहासही हेच सांगतो. वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रातल्या स्मॉल्स दीपगृहावर १८०१ च्या सुमारास दोनच रखवालदार असत. त्यांतला एक मरण पावला. खुनाचा आळ येईल या भीतीने दुसऱ्याने त्याचे प्रेत समुद्रात सोडले नाही आणि वादळामुळे सुटकेची नाव येईपर्यंत कित्येक आठवडे त्याला त्या प्रेतासोबत काढावे लागले. त्यानंतर दीपगृहांवर तीन माणसे नेमण्याची पद्धत पडली. म्हणजे त्या कामात माणसे थोडी होती, पण रात्रंदिवस तीच ती, आणि त्यांच्यापासून उठून जाण्याची सोय नव्हती. ब्रिटनमधले शेवटचे राखणदार असलेले दीपगृह १९९८ मध्ये स्वयंचलित झाले. कमी माणसांत राहण्याचा अर्थ त्या थोड्या माणसांशी अधिक घट्ट बांधले जाणे असा होऊ शकतो, ही गोष्ट ओ-नेटच्या आकड्यांतूनही निसटते.

याच संस्थेने आवडी तपासण्यासाठी साठ प्रश्नांची एक मोफत चाचणीही उपलब्ध केली आहे. स्वयंपाकघरातली कपाटे बनवणे, नवे औषध शोधणे, वाद्य वाजवणे, कोणाला त्याच्या मानसिक अडचणीत मदत करणे अशी कामे एकेक करून समोर येतात आणि ते आपल्याला किती आवडेल हे पाच पायऱ्यांवर सांगायचे असते. जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून मांडत नेलेल्या सहा प्रकारांच्या सिद्धान्तावर ती आधारलेली आहे. माणसांत रमणारा हा त्या सहांपैकी फक्त एक प्रकार. वस्तूंत, शोधात, कलेत आणि नेटक्या व्यवस्थेत रमणारेही त्यात आहेत, आणि पुढाकार घेऊन इतरांना आपल्या बाजूला वळवणारा सहावा प्रकार आहे. कोणापासून दूर जायचे यापेक्षा कशाजवळ जायचे हे या चाचणीत विचारले जाते, म्हणून ती मला आवडली. अंतर्मुख हा शब्द कार्ल युंग यांच्या १९२१ च्या मांडणीपासून रूढ झाला आणि आता तो कामाच्या निवडीसाठी सर्रास वापरला जातो, परंतु अंतर्मुख असल्याचे कळल्याने मला मायक्रोटोम आवडेल की हिशेबाची वही, हे काहीच ठरत नाही. चाचणीनंतर मला अचूकता आणि भाषा या दोन गोष्टींकडे जाण्याची दिशा सापडली.

त्या दिशेने जातानाच मला या साधनाची सर्वांत मोठी उणीव भेटली. अनुवादक आणि दुभाषे हे दोन्ही ओ-नेटवर एकाच व्यवसायाखाली घातलेले आहेत. दुभाषी दोन माणसांच्या मध्ये बसतो, न्यायालयात किंवा रुग्णालयात दोघांचेही शब्द, राग आणि रडणे स्वतःच्या तोंडून बोलतो, आणि त्याला क्षणाची उसंत मिळत नाही. अनुवादक मजकूर समोर ठेवून बंद खोलीत बसतो. या दोघांची उत्तरे एकत्र करून काढलेला संपर्काचा आकडा दोघांपैकी कोणाचाच नसतो. त्या आकड्यामुळे मी हा व्यवसाय जवळजवळ खोडून टाकला होता. म्हणून सरासरीवर न थांबता कोणत्या उत्तराला किती टक्के मते पडली ती विभागणी उघडून पाहावी. उत्तरे दोन टोकांना विभागलेली दिसली तर एका नावाखाली दोन वेगळी कामे आहेत असे समजावे आणि ती कामे करणाऱ्या माणसांना गाठून विचारावे.

दुसऱ्या मर्यादाही सांगायला हव्यात. सगळी माहिती अमेरिकेतल्या कामांची आहे आणि इंग्रजी न वाचणाऱ्याला तिचा उपयोग मर्यादित आहे. शिक्षण, परवाने आणि वेतन यांविषयीचा भाग दुसऱ्या देशातल्या माणसाने जवळजवळ सोडूनच द्यावा. कामाच्या स्वरूपाविषयीचा भाग मात्र बराचसा कुठेही लागू पडतो, कारण मेणाचा ठोकळा सगळीकडे तसाच कापला जातो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांचा प्रश्न मात्र त्यात पुरेसा उतरत नाही. नोकरीतला लेखापाल आणि स्वतःचे अशील स्वतः मिळवणारा लेखापाल यांच्या दिवसांत फार अंतर आहे. काम मागणे, दराबद्दल बोलणे आणि थकलेल्या पैशांसाठी पाठपुरावा करणे हे सगळे या दुसऱ्या लेखापालाच्या वाट्याला येते. एकांतासाठी नोकरी सोडून स्वतंत्र झालेल्या माणसाच्या अंगावर पहिल्या वर्षी नेमके तेच येऊन पडते ज्यापासून तो पळत होता. माझ्या बाबतीत हेच झाले आणि सुरुवातीच्या आठ महिन्यांत मी वसुलीसाठी जितके फोन केले तितके करावे लागतील याची मला कल्पना नव्हती.

कमी संपर्काची बरीच कामे रात्रपाळीची असतात, याचाही विचार निवड करताना व्हायला हवा. गोदामाची राखण, नियंत्रण कक्ष, सर्व्हरची देखरेख ही कामे रात्री शांत असतात हे खरे, पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाबाबत तोच निर्णय कायम ठेवला. त्याचबरोबर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंधांवर स्वतंत्र आयोग नेमला, इतका एकाकीपणाचा प्रश्न गंभीर मानला गेला आहे. कामातला एकांत आणि आयुष्यातला एकाकीपणा या भिन्न गोष्टी आहेत, तरी ज्याचा बाहेरच्या माणसांशी येणारा सगळा संबंध नोकरीमुळेच येत होता त्याने नोकरीतली माणसे काढून टाकण्यापूर्वी दुसरीकडे कुठे ती राहतील याची तजवीज करावी. मी फोनचे काम सोडल्यावर पहिल्या महिन्यात अपार बरे वाटले. तिसऱ्या महिन्यात, ज्यांच्यापुढे मी एकचा आकडा लिहिला होता त्या दोन सहकाऱ्यांची आठवण येऊ लागली, आणि आता आम्ही दर आठवड्याला भेटतो.

आज मी अनुवाद करते. या कामातही दुसरे माणूस आहेच; अनुवाद सेवांसाठीच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनुवादकाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने मूळ मजकुराशी ताडून तपासणी केल्याशिवाय अनुवाद पूर्ण होत नाही. माझे मजकूर तपासणाऱ्या बाईंचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. समासातल्या टिपांतून आमचे बोलणे चालते. त्या एखाद्या क्रियापदाखाली रेघ मारून ‘हे येथे जरा मोठे होते का?’ असे विचारतात, मी दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर लिहिते, आणि कधीकधी एका शब्दावर आमचा चार टिपांचा वाद होतो. हा संपर्कच आहे आणि दिवसातला तो मला सर्वांत आवडणारा भाग आहे. तो मला थकवत नाही, कारण उत्तर केव्हा द्यायचे ते माझ्या हातात असते.

हीच बाब ओ-नेटच्या प्रश्नावलीत अद्याप नाही. फोन किती वेळा येतो हे तेथे विचारले जाते. आलेला संपर्क पुढे ढकलता येतो का, त्याची वेळ कोण ठरवते, हे विचारले जात नाही. माझ्या जुन्या वहीत मी तेव्हा तो रकाना आखला नव्हता. नंतर त्या मंगळवारच्या पानावर तो पेन्सिलीने आखून नोंदी भरल्या, तर पाचाचा आकडा असलेल्या सहाही नोंदींपुढे ‘ताबडतोब’ असे लिहावे लागले. संकेतस्थळ चालवणाऱ्यांना मी हा प्रश्न जोडण्याची सूचना पाठवली आहे. तोवर हे साधन वापरणाऱ्यांनी प्रत्येक व्यवसायाच्या पानाशेजारी तो रकाना स्वतःच आखावा आणि ते काम करणाऱ्या एखाद्या माणसाला, शक्य असल्यास लिहूनच, त्याचे उत्तर विचारावे.